तलवारीची मूठ

एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सदबीज या लिलावगृहात एक मराठी तलवार विक्रीस निघाली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक सेनासाहेब सुभा पहिले रघुजी भोसले यांचे नाव तिच्यावर होते. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. वाहतूक, विमा आदी खर्च धरून तीस सुमारे सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये पडले आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस पोहोचली. वृत्तपत्रांनी या निमित्ताने रघुजींच्या कर्नाटकातील आणि बंगालमधील स्वाऱ्यांची आठवण करून दिली, ते योग्यच झाले. आम्हा रायपूरकरांना तर ही बातमी घरची वाटली. १७४१ साली रघुजींच्या भास्करपंतांनी रतनपुरावर चाल केली, १७५८ पासून रघुजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरासच राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले आणि १७८७ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत पाहत राहिले. ज्या पंडरी भागात राहून मी हे लिहीत आहे तेथील कापडबाजारात आजही मराठी बोलणारे गिऱ्हाईक भेटते, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

परंतु आज मला रघुजींच्या पराक्रमाविषयी बोलावयाचे नाही. मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या तलवारीच्या मुठीविषयी. तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पाते येते. कवी पात्यावर लिहितात, चित्रकार पाते चमकवतात. मूठ बिचारी हाताखाली झाकली जाते, आणि पुढे संग्रहालयाच्या काचेआडही तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वस्तुतः तलवार कोणाची, कोठली, कोणत्या काळातील आणि कितीदा मोडून जोडली गेली हे सांगण्याचे काम बहुतेक वेळा मूठच करते.

रघुजींच्या या तलवारीचेच पाहा. तिचे पाते सरळ आणि एकधारी असून ते युरोपात घडलेले आहे. पाठीवर, मुठीलगत, सोन्याने देवनागरी अक्षरे काढलेली आहेत. त्यांत रघुजींचे नाव आहे, सेनासाहेब सुभा हा किताब आहे आणि शेवटी एक शब्द आहे ‘फिरंग’. म्हणजे तलवार आपले परकेपण लपवीत नाही, उलट अभिमानाने मिरविते. मग ती मराठी कशाने? एक तर त्या अक्षरांनी, आणि दुसरे म्हणजे मुठीने. ही मूठ मुल्हेरी घाटाची आहे. नाशिक जिल्ह्यात बागलाणच्या डोंगरात मुल्हेर नावाचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी त्याच नावाचे गाव आहे. मुठीच्या या प्रकारास त्या गावाचे नाव मिळाले आहे. रघुजींच्या मुठीवर सोन्याची कोफ्तगरी असून पकडीस हिरवे कापड गुंडाळलेले आहे. काही बातम्यांत कोफ्तगरीला ‘मुलामा’ म्हटले गेले. त्या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्यांकडे मी पुढे येतो.

युरोपातील पाती आपल्याकडे आली ती मुख्यतः समुद्रमार्गे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर त्यांची आवक वाढली. स्पेनमधील तोलेदो, जर्मनीतील सोलिंगेन, इटलीतील जिनोआ अशा गावांची पाती येथे येत. जर्मन पात्यांना ‘आलेमान’ असे नावही पडले होते. युरोपियनांची म्हणून ती फिरंगी. त्यावरून तशा पात्याच्या तलवारीचेच नाव ‘फिरंग’ झाले. आपल्याकडे पोलाद नव्हते म्हणून आपण ही पाती घेतली असे मात्र समजू नये. दख्खनच्या पोलादाची कीर्ती इराणापासून युरोपापर्यंत होती. परंतु लांब, सरळ, लवचिक आणि एकसारखे पाते मोठ्या संख्येने हवे असेल तर तयार माल घेणे सोयीचे होते. छत्रपती शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी आणि १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरकरांकडून इंग्लंडच्या युवराजास भेट गेलेली जी तलवार आज तेथील राजसंग्रहात आहे, तिचेही पाते युरोपीय आणि मूठ हिंदी आहे.

आता अडचण अशी की युरोपीय पाते युरोपीय मुठीसाठी बनलेले असते. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत शिरतो त्याला आपण येथे सोयीसाठी शेपूट म्हणू. युरोपीय तलवारीचे शेपूट लांब असते. ते लाकडी पकडीतून आरपार जाते, माथ्यावरच्या लोखंडी गोळ्यातूनही पलीकडे निघते आणि तेथे हातोड्याने ठोकून त्याचे टोक फुलवितात. एकदा फुलविले की मूठ हलत नाही. आणि काढावयाची असेल तर ते टोक कापावेच लागते. आपल्या तलवारीची रीत याहून अगदी निराळी. आपले शेपूट आखूड, पुष्कळदा पकडीच्या निम्म्यापर्यंतच जाणारे. ते लोखंडाच्या पोकळ मुठीत लाखेने बसविलेले असते. न खिळा, न फुलविलेले टोक.

लाखेने बसविलेली तलवार रणांगणावर टिकते कशी, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्यासाठी मुठीची घडण थोडी तपशिलाने पाहू. लोहार लोखंडाच्या पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यावर ठोकून घडवितो, भुईमुगाची शेंग मधून उभी चिरावी तसे. हे दोन अर्धे समोरासमोर ठेवून त्यांच्या सांध्यावर पितळ वितळवितात. पितळेचा झाळ शिरला की दोन्ही अर्धे एकजीव होतात आणि मध्ये पोकळी राहते. पकड मध्यभागी किंचित फुगीर असते, त्यामुळे तळहातात ती भरून बसते. पात्याच्या बाजूस दोन आडवे हात निघतात आणि त्यांच्याच मध्यातून पात्याच्या दोन्ही अंगांवर दोन जिभा उतरतात. माथ्यावर बशीसारखी पसरट वाटी आणि वाटीच्या मध्यावर छोटा मोगरा, त्यास गोंडा बांधावयाचे भोक. बोटांच्या रक्षणासाठी आडव्या हातापासून वाटीपर्यंत जी कमान वळते ती परज.

या वाटीकडे पाहून अनेक युरोपियनांनी तक्रार केली आहे की हिंदी तलवारीची पकड त्यांच्या हातास पुरत नाही, वाटी मनगटास बोचते. पण ती तशी असण्यात हेतू आहे. आडवे हात आणि वाटी यांच्यामध्ये मूठ घट्ट सापडली की मनगट फार वळत नाही. वार खांद्यातून येतो आणि पाते ओढत कापते. वक्र पात्याच्या तलवारीला हाच वार शोभतो. येथे मुठीवर येणारा ताण मुख्यतः आडवा असतो, ओढून बाहेर काढणारा नसतो. तो ताण जिभा आणि आडवे हात घेतात. लाखेचे काम एवढेच की शेपूट पोकळीत हलू नये, खुळखुळू नये. आणि ते काम ती उत्तम करते.

सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पातळ पत्र्याला ती आतून आधार देते आणि दागिना चेपत नाही. मुठीतही तिचे हेच काम. नुसती लाख ठिसूळ असते, म्हणून तीत विटेची बारीक पूड किंवा तत्सम भरड मिसळतात. मिश्रण पोकळीत भरावयाचे, शेपूट तापवून आत दाबावयाचे, पाते सरळ धरून थंड होऊ द्यावयाचे, आणि कडेने वर आलेली लाख खरवडून काढावयाची. लाख साधारण सत्तर-ऐंशी अंशांवर मऊ होऊ लागते आणि पोलादाचे पाणी उतरण्यास त्याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. म्हणून मूठ पुन्हा काढावयाची झाली तर ती बेताने ऊन करावी. पाते न दुखावता बाहेर येते. धार गेली, पाते मोडले, नवे मिळाले की मूठ तीच ठेवून पाते बदलावे. परज तुटली की पाते ठेवून मूठ बदलावी. आमच्या छत्तीसगडात लाखेचे किडे कुसुम, पळस आणि बोर या झाडांवर पोसतात आणि हा प्रदेश आजही देशातील लाखेच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. बांगड्यांसाठी आणि सोनारांसाठी म्हणून ज्या मालाचा आपण विचार करतो त्याच मालाने एके काळी तलवारी जोडल्या जात.

फिरंगेच्या बाबतीत मात्र लाखेवर भागत नसे. पाते लांब, सरळ आणि लवचिक, वार जोराचा, शेपूट परक्या मापाचे. म्हणून कारागिराने तोड काढली. मुठीच्या दोन जिभा लांबवून, रुंद करून पात्याच्या दोन्ही अंगांवर पट्ट्यांसारख्या उतरविल्या आणि पाते व पट्ट्या यांतून आरपार रिवेट ठोकले. या पट्ट्यांच्या कडा पुष्कळदा पानाफुलांच्या आकारात कातरलेल्या असतात, त्यामुळे पाहणाऱ्यास तो केवळ अलंकार वाटतो. पण त्या पट्ट्या काढा आणि वार करा, पाते मुठीपाशी वाकेल. पुढे परजेची रुंद ताटली झाली, हाताभोवती टोपलीसारखे कवच आले, आणि माथ्यावरून एक वाकडा गज निघाला. हा गज दुसऱ्या हाताने धरून दोन्ही हातांनी वार करता येई. कवचाच्या आत बोटांस लोखंड लागू नये म्हणून कापडाची किंवा मखमलीची गादी शिवीत. दांडपट्ट्याची मूठ तर याही पलीकडची. तीत हात कोपरापर्यंत शिरतो आणि पकड आतल्या आडव्या दांडीची असते. तेथेही पाते पट्ट्यांनी आणि रिवेटांनीच धरलेले असते.

हाच प्रश्न इतरांनी कसा सोडविला हे पाहण्यासाठी बंगालच्या उपसागरापलीकडे जाऊ. ब्रह्मदेशातील ‘धा’ नावाच्या तलवारीस परज नाहीच. लाकडाची किंवा बांबूची लांब गोल मूठ, तिच्यावर चांदीचा पत्रा किंवा दोरीची वीण, आणि आत आखूड शेपूट, राळेने किंवा लाखेने बसविलेले. फिलिपाइन्सच्या दक्षिण बेटांतील मोरो लोकांच्या बारोंग या शस्त्राची लाकडी मूठ माथ्याकडे पक्ष्याच्या तुऱ्यासारखी कोरलेली असते. तेथेही शेपूट आत चिकटविलेले असते, आणि लाकूड चिरू नये म्हणून पात्याकडच्या तोंडाशी धातूचे कडे. जावा बेटातील क्रिस या खंजिराची रीत मला सर्वांत मौजेची वाटते. तेथे शेपटाभोवती कापड किंवा केस गुंडाळतात आणि त्यावर मूठ नुसती दाबून बसवितात. वर्षातून एकदा, जावानी पंचांगातील सुरो महिन्यात, पाते स्वच्छ करण्याचा विधी असतो. त्या वेळी मूठ सहज निघते. पाते पिढ्यान्पिढ्यांचे, पूज्य. मूठ त्या मानाने बदलती. राजाचा, घराण्याचा, गावाचा पालट झाला की मूठ पालटावी यात तेथे कोणास वावगे वाटत नाही. युनेस्कोने २००५ साली या क्रिस-परंपरेस मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केले, ते केवळ पात्यांसाठी नव्हे. मूठ, म्यान आणि ती घडविणारे हात हे सर्व त्यात आले.

जावात काय, ब्रह्मदेशात काय किंवा महाराष्ट्रात काय, मूठ निघू शकली पाहिजे हे या सर्व कारागिरांनी धरून चालले होते. याचा अर्थ जुन्या तलवारीची मूठ ‘मूळची’च असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि ती मूळची नसेल तर तलवार खोटी, असेही म्हणता येत नाही. सतराव्या शतकातील पाते, अठराव्या शतकातील मूठ आणि एकोणिसाव्या शतकातील परज, असे तीन काळ एका वस्तूत नांदू शकतात. फिरंग तर जन्मतःच दुरुस्त केलेली तलवार आहे. परक्या पात्याची मूठ काढून, शेपूट कापून, नवी मूठ बसविणे हीच तिची निर्मिती.

मग ही दुरुस्ती ओळखावी कशी? मुठीजवळ पात्यावर रिवेटांच्या भोकांच्या दोन जोड्या असतील आणि त्यांतील एक पितळेने बुजविलेली असेल, तर मूठ निदान एकदा बदलली आहे. मुठीच्या सांध्यावर एका जागी झाळ पिवळा आणि दुसऱ्या जागी पांढुरका दिसला तर सांधा पुन्हा जोडला आहे. कोफ्तगरीची वेल परजेवर येऊन एकाएकी थांबत असेल तर परज नंतरची. वाटीखाली जुनी लाख काळसर, चकचकीत आणि तडकलेली दिसते. ताजी तांबूस दिसते. आणि मळसूत्री स्क्रू दिसला की तो अलीकडच्या काळाची साक्ष देतो, मग घराण्याच्या परंपरेत ती तलवार कोणत्याही लढाईतील म्हणून सांगितलेली असो!

आता कोफ्तगरीविषयी. लोखंडाचा पृष्ठभाग धारदार हत्याराने उभ्या-आडव्या बारीक रेघांनी खरखरीत करतात, कानशीसारखा. त्यावर सोन्याची तार नक्षीप्रमाणे वळवून हातोडीने बसवितात. मऊ सोने त्या रेघांत अडकते. मग मंद आच देऊन अकीकाच्या दगडाने घासले की ते गुळगुळीत होते. तहनिशान यापेक्षा खोल. त्यात लोखंडात खोबण कोरून सोने आत ठोकतात. आणि मुलामा म्हणजे पारा व सोने यांचा लेप देऊन पारा उडविणे. मुलाम्यात नक्षीची रेघ नसते, सर्व पृष्ठभाग झाकला जातो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कोफ्तगरीचे सोने त्या खरखरीत रेघांच्या आधारावर उभे असते. लोखंडास गंज चढला की त्या रेघा फुगतात आणि सोने पापुद्र्यासारखे उचलले जाते. अशा मुठीस चिंचेने किंवा लिंबाने घासले तर गंजाबरोबर सोनेही जाते.

आणि आपण नेमके तेच करतो. विजयादशमीच्या आदल्या दिवशी माळ्यावरील किंवा देवघरातील तलवार खाली येते. वर्षभराचा काळपटपणा काढावयाचा म्हणून चिंच, राख, विटकर, आणि अलीकडे बाजारातील तयार मलम. पूर्वी हे काम शिकलगाराचे असे. तो पाते घासे, पण मुठीला हात लावण्यापूर्वी विचारी. मग ओले गंध, हळदकुंकू, फुले, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच पुन्हा माळ्यावर. वाटीच्या कडेला साठलेले ते ओलसर कुंकू पुढील पावसाळ्यापर्यंत आपले काम करीत राहते. पूजेस माझा विरोध नाही. पण पूजेनंतर मऊ कोरड्या कापडाने शस्त्र पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, एवढे शास्त्र पूजेइतकेच जुने आहे.

पंडरीजवळच्या एका मराठी कुटुंबात मी अशी एक तलवार पाहिली. पाते वक्र, मूठ लोखंडी, परज मात्र पितळेची आणि काहीशी ओबडधोबड. मूठ खुळखुळत होती. घरातील तरुण मंडळींचा बेत असा होता की शहरातील एका कारागिराकडे देऊन मूठ रसायनी डिंकाने पक्की करावी, पितळी परज काढून लोखंडी लावावी आणि सर्व मुठीस सोन्याचे पाणी द्यावे. लग्नघरात ती मांडावयाची होती. घरातील वयोवृद्ध आत्याबाई एवढेच म्हणाल्या, “ती परज माझ्या आजेसासऱ्यांनी लावून घेतली होती, धमतरीच्या कासाराकडून. त्यांच्या हातची म्हणून ती राहू द्या.” मी तलवार उलटसुलट करून पाहिली. पितळी परजेच्या बुडाशी जुन्या लोखंडी परजेचा तुटका कोंभ शिल्लक होता. म्हणजे आत्याबाई सांगत होत्या ते खरे होते आणि तलवारीवर लिहिलेलेही होते. परज काढली असती तर तो कोंभ कानशीने साफ करावा लागला असता, आणि मग आत्याबाईंच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा उरला नसता. लग्नात तलवार मांडली गेली ती त्याच परजेसह.

रसायनी डिंकाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आजच्या घरगुती दुरुस्तीतील सर्वांत मोठी हानी तोच करतो. दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून बनणारा हा पदार्थ चिकटतो उत्तम, लाखेहून कितीतरी घट्ट. पण एकदा कडक झाला की तो नेहमीच्या द्रवात विरघळत नाही आणि उष्णतेने लाखेसारखा वितळतही नाही. पुढे कधी मूठ काढावयाची वेळ आली तर जाळावी किंवा कापावी लागते. आणि अशी वेळ येते. पोकळीत ओल शिरली, शेपटास गंज चढला, गंज फुगला, की पितळेचा झाळ उकलू लागतो. तेव्हा आतले शेपूट बाहेर काढून साफ केल्यावाचून मूठ वाचत नाही. लाख कमजोर म्हणून जुन्यांनी वापरली असे नव्हे. संग्रहालयांतील जतनकार आज ज्याला प्रतिवर्ती दुरुस्ती म्हणतात, म्हणजे उद्याच्या माणसास आजचे काम इजा न करता उलगडता यावे, ती सोय लाखेत आपोआप होती. अर्थात फार जुनी लाखही कालांतराने कठीण होते आणि सहज मऊ होत नाही. तेव्हा घरी स्टोव्हवर मूठ धरण्याचे धाडस कोणी करू नये. ज्वाळेवर कोफ्तगरी उचलली जाते, आणि उष्णता बेसुमार झाली तर पात्याचे पाणीही उतरते.

रायपुरातील महंत घासीदास स्मारक संग्रहालय १८७५ साली राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या देणगीतून उभे राहिले. त्याच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथील मूर्ती, शिलालेख व ताम्रपट पाहावयास लोक जातात. शस्त्रांपुढे मुले अधिक रेंगाळतात. मी माझ्या परिचितांना सुचवितो की तेथे गेल्यास तलवारींच्या मुठी पाहाव्यात, वाटीखाली डोकवावे, रिवेट मोजावेत. एकदा नजर तयार झाली की घरच्या तलवारीकडे ती निराळ्या रीतीने वळते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली आहे, हे बरे झाले. परंतु वस्तू देशातच राहून तिच्यावरील इतिहास पुसला जाणे यास कायदा फारसा अडवू शकत नाही. माझ्या नोकरीच्या अनुभवाने सांगतो, कायद्याचा हात घरातील माळ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचूही नये.

तंजावरच्या भोसल्यांचे शस्त्रागार हे याचे दुःखद उदाहरण आहे. ते राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. त्यानंतर तेथील शस्त्रांतून निवडक नग मद्रासच्या संग्रहालयाकडे गेले. उरलेला ढीग मोडून लोखंडाच्या भावाने विकला गेला. दक्षिणेतील मराठ्यांच्या मुठींचे घाट, त्यांवरील नाग आणि याळी, तुटकी युरोपीय पाती पुन्हा वापरून केलेल्या कट्यारी, यांविषयी आज जे काही कळते ते त्या निवडक नगांवरूनच. ढिगात काय गेले हे सांगावयास कोणी नाही. नागपूरकरांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि त्यांच्याही वस्तू देशोदेशी गेल्या. रघुजींची तलवार १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपुराबाहेर गेली असावी, असा तर्क केला जातो.

ती आता परत आली आहे. तिच्या पकडीवरील हिरवे कापड जीर्ण झाले म्हणून उद्या कोणी उत्साही मनुष्य त्या जागी नवी मखमल लावण्याची सूचना करील. प्रदर्शनात ती शोभून दिसेल असेही म्हणेल. कोफ्तगरी विरळ झाली आहे तेथे सोने भरावे असेही कोणास वाटेल. ते कापड कशाचे, कोणत्या रंगाने रंगविलेले, किती टाक्यांनी शिवलेले, त्याखाली आणखी जुने कापड आहे काय, हे सर्व अद्याप त्या मुठीतच आहे. आपल्या पंडरीच्या बाजारात हव्या त्या छटेची हिरवी मखमल वारावर मिळते.